गव्हाणच्या देव्हाऱ्यातला घोडेस्वार

कुंदन सोनाराला डच चांदीचं वेड आहे. पनवेलच्या बाजारात माझं चष्म्यांचं दुकान त्याच्या पेढीला लागूनच, त्यामुळे हे पुराण मी वीस वर्षं फुकट ऐकतोय. तीनशे वर्षांपूर्वी डच व्यापारी मिरी आणि कापड घ्यायला जहाजातून चांदीची नाणी आणायचे. इथल्या सोनारांनी ती आटवून पैंजण केले, म्हणून हा अजून हळहळतो. त्याच्याकडे सिंहाची छाप असलेली सात नाणी आहेत. तलवार उगारलेल्या घोडेस्वाराचं मात्र एकही नाही.

गेल्या मार्गशीर्षात गव्हाणच्या सोनाबाई आल्या. चंपाषष्ठीआधी देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक नवा करून हवा होता. रोज चिंचेनं घासून टाकावरचा देव झिजला, की तीच चांदी आटवून पुन्हा देव घडवायचा, अशी त्यांच्या घरची रीत; हा टाक मात्र अजून एकदाही आटवला नव्हता. कुंदनने टाक भिंगाखाली धरला आणि मला हाक मारली. खंडोबा कसला, डच घोडेस्वार! घोड्याखाली डच व्यापारी कंपनीची एकात एक गुंफलेली अक्षरं, मागच्या बाजूला दोन सिंह. हा पठ्ठ्या कुठून आला असेल, कोणी त्याला देव मानलं असेल, माझंही डोकं भणभणलं.

"दुसऱ्या चांदीचा करून दे, कोणाला कळतंय?" मी कुजबुजलो.

कुंदनने भिंग खाली ठेवलं. मग त्याने बाईंना सगळं खरं सांगितलं. दुप्पट चांदीचा टाक देतो, पण हे मला द्या, म्हणून हात जोडले.

"नाणा आसंल," सोनाबाई म्हणाल्या, "पन माजे आजेसासूपासून भंडारा लागलाय त्याला. देव काय कोन इकतं? चांदी तीच पायजे. मी हितंच बसते."

"फोटो तरी काढून ठेव," मी म्हटलं.

"नको. मग रोज बघत बसेन."

त्याने स्वतःच्या हाताने नाणं मुशीत टाकलं. घोडा आधी वितळला.

संध्याकाळी नवा टाक तयार झाला. सोनाबाईंनी कनवटीची पुडी सोडून कुंदनपुढे धरली.

"पयला भंडारा तूच लाव. बदलून दिला आसतास तरी मना कललं नसतं. आन ह्या चष्मेवाल्यांचा बोलना मी आयकला, माजे कान शाबूत हायत."

कुंदनने भंडारा लावला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. मला मात्र मान वर करवेना.