भिकाजीकाकांचा पाना

पाना फिरवला आणि प्लगबरोबर भिंतीतला पाईपही जरासा फिरला. हाताला ते लगेच कळलं. पुढे चाळीस वर्षं मी प्लंबिंग केलं, धंद्यातले पुष्कळ किस्से घरी सांगितले, पण हा नाही. विषय जवळ आला की उठून जायचो. आता उठायलाही त्रास होतो, म्हणून लिहून टाकतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी लालबागला राहायचो, नुकताच स्वतंत्र कामं घेऊ लागलो होतो. शिवाजी पार्कला दुसऱ्या मजल्यावरच्या एका ब्लॉकमध्ये शॉवर पुरा करायचा होता. मालक भाऊसाहेब, सॉलिसिटरच्या ऑफिसात हेडक्लार्क. बिल्डिंग बांधतानाच न्हाणीघराच्या भिंतीत शॉवरचा पाईप टाकून ठेवला होता. पण तेव्हा लढाई चालू, पितळी सामान मिळेना. म्हणून पाईपच्या तोंडाला प्लग, म्हणजे आट्यांचं लोखंडी बूच, मारून काम सोडलेलं. पुढे पंधरा वर्षं कुणाचं अडलं नाही. मग भाऊसाहेबांच्या वडिलांचा उजवा हात लुळा पडला. बादलीतून तांब्या उचलता येईना, आणि सुनेनं आंघोळ घालणं त्यांना मान्य नव्हतं.

भिंतीतलं ते काम भिकाजी मिस्त्रींचं. मालवणकडचे, आमच्याच चाळीतले, साठीला आलेले. त्या ओळीतल्या सगळ्या बिल्डिंगांचे पाईप त्यांनी टाकले होते आणि त्यांच्या नावावर एकाही भिंतीची ओल नव्हती. त्या आठवड्यात ते तापानं पडले होते, म्हणून त्यांनीच भाऊसाहेबांना माझं नाव सांगितलं.

जाम प्लग काढायला दोन पाने लागतात. एकानं पाईप धरून ठेवायचा, दुसऱ्यानं प्लग फिरवायचा. नाहीतर सगळा जोर पाईपवर जातो आणि भिंतीच्या आतला जॉइंट सुटतो. माझा दुसरा पाना घरी होता. संध्याकाळी पार्कात सभा होती. गर्दीत पिशवी जड नको म्हणून मीच तो ठेवून आलो होतो.

पाईप फिरला तेव्हा टाइल फोडून जॉइंट बघायला हवा होता. ते नाही तर निदान पाईपचं तोंड बंद करून, आत पाणी भरून एक दिवस भिंतीवर नजर ठेवायची. आम्ही त्याला टेस्ट म्हणतो. पण मैदानातून माइक तपासल्याचा आवाज येत होता. मी शॉवरची जाळी लावली, कॉक उघडला. पाणी छान पडलं. भाऊसाहेबांचे वडील दारातच उभे होते. त्यांनी डाव्या हातानं कॉक दोनदा उघडून बंद करून पाहिला आणि मान हलवली. मी हत्यारं भरली नि सभेला गेलो. घोषणा देऊन घसा बसला. भाषणातलं एक वाक्य आठवत नाही.

तीन आठवड्यांनी खालच्या ब्लॉकच्या छताला ओल आली. भाऊसाहेबांनी मला बोलावलं. शॉवर लावल्यावरच ही ओल कशी आली, असं त्यांनी विचारलं.

"मी बाहेरचं बसवलं, भाऊसाहेब," मी म्हणालो. "गळतंय आत. आतलं काम माझं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिकाजीकाकांना बोलावून घेतलं, मलाही यायला सांगितलं. काकांनी टाइल काढली, प्लास्टर फोडलं आणि एल्बोपाशी, म्हणजे पाईप वळतो तिथल्या जॉइंटपाशी, थांबले. जॉइंटवरचा सफेदा, म्हणजे पाणी अडवायला लावतात तो पांढरा लेप, तडकला होता आणि अर्धा आटा उघडा पडला होता. पंधरा वर्षांचा जॉइंट आपणहून अर्धा आटा फिरत नाही. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मिस्त्री, तुमच्या भरवशावर आम्ही पंधरा वर्षं निर्धास्त होतो," भाऊसाहेब मागून म्हणाले.

"होय साहेब," काका म्हणाले. "जॉइंट माझाच."

त्यांनी तो पुन्हा बांधला, दोन पाने लावून. मग पाईपात पाणी भरलं आणि दिवसभर न्हाणीघराच्या दारात पाटावर बसून भिंत बघत राहिले. परत निघताना जिन्यात त्यांनी आपला एक पाना माझ्या हातात दिला.

"हो पानो तुज्याकडे ठेय. प्लग काढताना दोन लागतत."

त्यानंतर त्या ओळीतली कामं मला मिळू लागली. भिकाजी मिस्त्रींच्या भिंती गळतात, असं बिल्डिंगांत बोललं जायचं. मी ऐकून घ्यायचो. काकांनी चाळीत कुणाला काही सांगितलं नाही.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. आज बोलायचंच, असं ठरवून मी काकांच्या खोलीत गेलो. पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

"धंदो बरो चल्लोहा मा?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो आणि पुढच्या खोलीत पेढे द्यायला गेलो. त्या वर्षी ते गावी गेले ते तिकडेच राहिले, आणि तिकडेच वारले.

पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी सांगत आलो, दोन पाने जवळ ठेवा आणि भिंतीला एक दिवस द्या. का, ते कधी सांगितलं नाही. त्या दिवशी पेढा देताना सांगायचं होतं ते एवढंच होतं: काका, तुमचा जॉइंट पक्का होता. पाईप माझ्या हातून फिरला.