विषयाला धरून

हवेत बोट उगारून बोलणारा तरुण दिसला की माझ्या तोंडाला अजून कडवट चव येते. महायुद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हा आमच्या कॉलेजात अशा बोटांचा सुकाळ होता. प्रधान आणि चौबळ हे आमचे दोन पुढारी. युद्ध साम्राज्याचं की जनतेचं, यावर ते वर्षभर भांडत राहिले. बंदूक दोघांनीही फक्त सिनेमात पाहिली होती.

त्याच वर्षी ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतलेला गंगाधर आमच्या वर्गात आला. त्याचा डावा हात निकामी झाला होता. वादसभेत दोघांनी त्याला आग्रहानं व्यासपीठावर नेलं, कारण दोघांनाही तो आपल्याच बाजूचा पुरावा वाटत होता.

गंगाधर सावकाश म्हणाला, "माझ्या शेजारी शिवराम नावाचा जवान पडला होता. रात्रभर पाणी मागत होता. मला त्याच्यापर्यंत सरकता आलं नाही. तो कोणासाठी मेला, ते तुम्हीच ठरवा."

अध्यक्षांनी घंटा वाजवली. "विषयाला धरून बोला."

गंगाधर खाली उतरला आणि सरळ बाहेर निघून गेला. मागे टाळ्यांच्या गजरात ठराव संमत झाला. मानवजातीवर एवढं प्रेम करणाऱ्यांना समोरच्या माणसाचा इतका कंटाळा का यावा, कोण जाणे.

नंतर कँटीनमध्ये चहा ढवळत प्रधान म्हणाला, "वक्ता म्हणून अगदीच कच्चा निघाला."

चौबळनं मान डोलावली. वर्षभरात त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.