सगळ्या कॉलरी आधी

शर्टांच्या कारखान्यात बायकांना कामावरून नावं पडली होती. बाहीवाली, कफवाली, काजबटणवाली, आणि ही कॉलरवाली. लेक रांगत होती तेव्हा ती इथे लागली. लेक कॉलेजात गेली तरी हिच्या हाताखालून कॉलरीच जात होत्या. पण बसवायची अशी, की मास्तर तिचा गठ्ठा न बघताच पुढे सरकवायचा.

मग कॉलर लावणारं मशीन यायचं ठरलं.

"चालवायला एकच बाई लागेल," मास्तर म्हणाला. "दहावी पास पाहिजे. बाकीच्यांचं मालक बघतील."

मालक काय बघतील ते सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा गेल्यापासून घर हिच्या एकटीच्या हातांवर होतं. काम सुटलं तर आधी लेकीचं कॉलेज सुटणार. हिची स्वतःची दहावी एकट्या विज्ञानात अडकली होती. तेवढ्यात लग्न लावून दिलं होतं. तिने परीक्षेचा फॉर्म भरला आणि लेकीचं जुनं पुस्तक उघडलं.

"अर्धे डोळे कॉलरीत घातलेस," सासू भाजी निवडता निवडता म्हणाली. "उरलेले पुस्तकात घाल."

"मग घर काय तुमच्या टोमण्यांवर चालवू?"

पण धडे डोक्यात ठरेनात. दुसरा वाचायला घेतला की पहिला पुसला जायचा. तेव्हा तिने कारखान्याचीच रीत अभ्यासाला लावली. एकेक शर्ट पुरा करत बसलं तर दिवसाकाठी काय निघणार? सगळ्या कॉलरी एकदम घेतल्या की हात बसतो. तिने सगळ्या धड्यांच्या व्याख्या आधी घेतल्या. मग सगळ्या आकृत्या, मग सगळी कारणं. आणि खरंच, भाकरी थापताना व्याख्या तोंडातून धडाधड निघायला लागल्या.

"आई, श्वसनाचं सलग सांग ना एकदा," लेक म्हणाली. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"ते मागाहून जोडू."

"कधी?"

"अगं, गठ्ठे तयार असले की जोडायला कितीसा वेळ लागतो?"

लेकीने पुस्तक मिटलं. आई इतकी खुशीत तिने किती दिवसांत पाहिली नव्हती.

पेपरात श्वसनच आलं. व्याख्या तिने एका दमात लिहिली. तिच्यामागोमाग पचनाची आली, मग रक्ताभिसरणाची. त्या खोडल्या. फुप्फुसं काढली, तर हात आपसूक हृदयाकडे वळला. नाकातून घेतलेली हवा पुढे कुठे न्यायची, तेच सुचेना. तुकडे सगळे होते, चोख होते. तिने सवयीने उजवीकडे पाहिलं. कारखान्यात तिथे कफवाली बसायची. पुढचं ती बघायची. इथे एक मुलगा पेन चावत बसला होता.

निकालात विज्ञान पुन्हा राहिलं. त्या दिवशी सासूने टोमणा मारला नाही, भाकऱ्या स्वतः थापल्या. त्यानेच तिचा धीर सुटला.

मशीन आलं. मास्तरने तिला महिनाअखेरपर्यंत धागे कापायला बसवलं; पुढे काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी फाटकाशी लेक उभी होती, हातात स्वतःची दहावीची गुणपत्रिका घेऊन.

"कॉलरवालीची लेक ना?" मास्तर म्हणाला. "म्हणजे हात चांगला असणार."

"मशीनला हात लागतो का?" लेकीने विचारलं.

"बटण दाबायला लागतो."

आई धाग्यांच्या ढिगाऱ्यातून उठली. नको म्हणायला तोंड उघडलं, आणि महिनाअखेर आठवून मिटलं. सोमवारी लेक मशीनवर बसली. कॉलेजातलं नाव काढायला तिला आईची सही लागली. ती मात्र आईने न चुकता केली.