विमलची मालिका आणि आमची कमल

कमल गेल्याचं मला अमरावतीत कळलं, भाजी घेताना. अकोल्याहून आलेल्या तिच्या शेजारणीनं सांगितलं आणि वर म्हणाली, “सुटली बिचारी.” दीड महिना होत आला, तो शब्द अजून माझ्या कानातून जात नाही. सुटली? कशातून? पस्तिशीही न गाठलेली, हसली की गल्लीभर ऐकू जाणारी बाई... तिला फेफरं होतं, एवढंच.

अकोल्यात आमची घरं समोरासमोर. शाळेत तिला पहिल्यांदा झटका आला तेव्हा बाईंनी नाकाला लावायला कांदा आणवला, आणि दुसऱ्या दिवसापासून मुली तिच्या बाकावर बसेनात. घरात त्या आजाराचं नाव घ्यायचं नाही, ‘चक्कर’ म्हणायचं. पुढे मी लग्न होऊन अमरावतीला आले, तिचं कुणी जमवलंच नाही. ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवू लागली. त्याच सुमारास रेडिओवर दर आठवड्याला एक घरगुती मालिका लागायची. तिच्यातल्या विमलला फेफरं होतं. अंगात येणं नाही, मांत्रिक नाही, मागच्या जन्मीचं पाप नाही. ती पडायची, हातातलं भांडं घरंगळायचं, आई रडायची आणि भाऊ तिला कुशीवर वळवून शेजारी बसून राहायचा. शुद्धीवर आली की विमल पहिलं विचारायची, “कोणी पाहिलं का?” ते ऐकून कमल ओसरीवर ढसाढसा रडली होती. मी माहेरी आले होते, माझ्यासमोरच. “हे त्यायले कसं मालूम पडलं व?” एवढंच म्हणत राहिली. हळूहळू गल्लीतल्या बायका तिच्याकडे ऐकायला जमू लागल्या.

मग एका आठवड्यात मालिका लागलीच नाही. जेवणाच्या वेळी असलं कानावर पडतं, अशी काही प्रतिष्ठितांची तक्रार होती म्हणे! कमलनं घरोघरी फिरून सह्या घेतल्या, एसटीनं अकोटलाही जाऊन आली, आणि शेवटी आम्ही दहा-बारा जणी गाडीनं थेट रेडिओ केंद्रावर धडकलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि समजावलं, “बाई, लोकांना करमणूक हवी असते.” कमल उठून उभी राहिली. “मले येते फेफरं. मी लोकांत मोडत नाही काय?” आयुष्यात पहिल्यांदा ती हे चारचौघांत बोलली. साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

मालिका परत लागली खरी. दुसऱ्याच भागात विमलचं लग्न झालं आणि गळ्यात मंगळसूत्र पडताच तिचं फेफरं पळालं! कमलनं रेडिओ बंद केला. “आपन इमलले वाचवाले गेलो अन् यायनं तिले मारूनच टाकलं.” तोवर तिचं बोलणं गावभर झालं होतं. मुली घाबरतात म्हणून शाळेनं तिला घरी बसवलं. मी चडफडले, ती मात्र जिथं कुणाला फेफरं आहे असं कळेल तिथं जायची आणि सांगायची, घाबरू नका, कुशीवर वळवा, जवळ बसा.

अशा माझ्या मैत्रिणीला, धाकट्या भावाच्या, मधूच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी, घरच्यांनी मागच्या खोलीत बसवलं. पाहुण्यांसमोर झटका आला तर? बाहेरून कडी घातली. ओसरीवर पेढे वाटले जात होते तेव्हा आत तिला झटका आला आणि ती उशीत तोंड रुतून गेली. वळवायला एक हात पुरला असता. एक!

परवा अकोल्याला गेले, भांडायलाच गेले. तिची आई, आमच्या काकू, त्याच खोलीत खाली बसून गहू निवडत होत्या. चौकट रिकामी होती. दार कुठंय, मी विचारलं.

“सुताराले बलावून काढलं.”

मधू पुटपुटला, लग्नाला पाहुणे येतील, निदान पडदा तरी लाव...

काकूंनी सूप खाली ठेवलं. “येऊ दे पाहुने. मीच सांगीन त्यायले, माह्या पोरीले फेफरं होतं, अन् आमी तिले कोंडून मारलं.”

मधू तिथून निघून गेला. मी काकूंच्या शेजारी बसले आणि सुपातले खडे वेचू लागले.