दहा वॅटचे बापू

रेडिओबापू गिऱ्हाइकाला आधी शिव्या घालायचे आणि मग बसायला स्टूल द्यायचे. मिठबावात त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. भजनी मंडळांचे माइक, भोंगे, बंद पडलेले टीव्ही, सगळं तिथे यायचं. "पाण्यात बुडवलंस की काय रे मेल्या?" हे स्वागत. आता लोक म्हणतात, बापू म्हणजे देवमाणूस. डोंबलाचा देवमाणूस! तापट, हेकट आणि तोंडाळ माणूस होता तो, आणि त्याचा राग मला आजही येतो.

मला गिटारसाठी ॲम्प, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, घ्यायचा होता. मुंबईच्या एका वाद्यवृंदाला वादक हवा होता आणि त्यांनी माझ्या तीन धुनांचं स्वच्छ रेकॉर्डिंग मागवलं होतं. नोकरी सुटून मी घरी बसलो होतो. ही संधी गेली तर वडिलांबरोबर कलमांवर फवारणी ठरलेली. जागा होती ती आमची आंब्याची खोली. आंबे पिकवायची आढी घालायला भाताचं गवत पसरून ठेवलेलं, त्यामुळे आवाज घुमत नसे. फक्त आंबा उतरायच्या आत उरकायला हवं होतं.

मी बापूंना मोबाइलवर शंभर वॅटचा ॲम्प दाखवला. भडकलेच. "शंभर वॅट? कुणकेश्वरच्या जत्रेत लावतलंस काय? माइक वीतभर अंतरार आसतलो. तेका वॅट कळणत नाय, आवाज कळता!" मग मोबाइल माझ्या हातातून ओढून घेत म्हणाले, "गिऱ्हाईक पुढची बटणां बघता. तू पाठ बघ, भोकां बघ." हेडफोन लागतो का, कॉम्प्युटरला जोडता येतो का, ते आधी. रंगीत दिवे आणि चाळीस तऱ्हेचे आवाज मागाहून. दहा वॅट रग्गड, पण स्पीकर आठ इंची हवाच. त्याहून लहान घेतला तर डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज येतो म्हणे.

ऐकतो कोण! मी हट्टाने मोठाच मागवला. हळू ठेवला तर मेल्यासारखा वाजायचा, वाढवला की कौलं थरथरायची आणि ती थरथर धुनेसकट रेकॉर्ड व्हायची. बापूंनी माझी फजिती मासळीबाजारापर्यंत पोचवली. मला तोंड दाखवायची सोय ठेवली नाही. आणि याच माणसाने विकणाऱ्याशी फोनवर भांडून तो परत घ्यायला लावला, खारेपाटणहून दहा वॅटचा एक जुना ॲम्प स्कूटरवर घालून आणला, त्यात नवा स्पीकर बसवला आणि माझ्यापुढे आपटला. "वाजव आता, दीडशहाण्या."

एवढ्यावर घरी जावं ना? नाही! माइक मला नीट लावता येणार नाही म्हणून स्वतः येऊन गवतात फतकल मारून बसले. माइक स्पीकरच्या मधोमध नको, जरा बाजूक. मी वाजवायला लागलो की मध्येच, "थांब! दुसरी तार उतरली." पुन्हा सुरुवात. "पाय आपटू नको रे!" पुन्हा. "हात चलतत, जीव खंय आसा तुझो?" दहा-बारा वेळा असं झालं. संताप याचा की दरवेळी त्यांचंच बरोबर असायचं.

शेवटी मी ओरडलो, "बापू, तोंड बंद ठेवा, नाहीतर बाहेर व्हा!" गावात असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आता ॲम्प उचलून चालू पडणार. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, तोंडावर दाबून धरला आणि बसून राहिले. तिन्ही धुना मी एका दमात वाजवल्या. रेकॉर्डिंग बंद केलं, आणि मगच पंचा खाली आला. "आता बरा वाजवलंस."

त्या संध्याकाळी मी बापूंच्या बोलण्याने नासलेली एकेक फाईल लॅपटॉपवरून चवीने पुसली. त्यातली कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. वाद्यवृंदात माझी निवड झाली.

श्रावणात बापू गेले, एकाएकी. गावी आलो तेव्हा काकी, म्हणजे त्यांची बायको, आमच्या ओटीवर येऊन बसली. तिने माझ्या लॅपटॉपकडे बोट केलं. "झिला, तुझ्या त्या पेटयेत ह्यांचो आवाज आसतलो मां?" बापूंचं बोलणं कधी कोणी टेप केलं नव्हतं. दुसरीकडे कुठेही त्यांचा आवाज नव्हता. होता तो माझ्याकडे, आणि तो मी शोधून शोधून पुसला होता. माझ्या मूर्खपणाला जोड्याने मारलं पाहिजे.

सांगायची हिंमत झाली नाही. मी उरलेलं रेकॉर्डिंग लावलं. काकीने शेवटपर्यंत ऐकलं.

"हेच्यात हे खंय आसत?"

"तिथेच बसलेत, काकी. माझ्यासमोर, गवतात. गप्प." मग बाकीचं पुसलं, तेही सांगून टाकलं.

काकी मला शिव्या देईल असं वाटलं. द्यायला हव्या होत्या. तिने लॅपटॉप जवळ ओढला.

"गप? हे?" ती म्हणाली. "माझ्यासाठी एक दिस गप रवले नाय. परत लाव."