नीलकेतूसाठी एक नमो मारिया

त्या रविवारी आमच्या पापडी गावात लाईट गेली नाही, हेच मोठं नवल. एरवी आमची सिरीयल सुरू झाली रे झाली की लाईट जायची... पण त्या दिवशी नीलकेतूचा शेवटचा एपिसोड होता आणि टीव्ही सकाळपासून शहाण्यासारखा चालू होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी दहावीत, धाकटा भाऊ मिल्टन सातवीत. पण नीलकेतूचे खरे भक्त आम्ही नव्हतोच... आमचे पपा होते!

वाडीत केळी आणि मोगरा पिकवणारा, कामापुरतं बोलणारा माणूस. पण निळ्या झग्यातल्या त्या हिरोसाठी आम्हाला दर रविवारी अंधारात उठवून चर्चमध्ये पहिल्या मिस्साला न्यायचा. का, तर सिरीयलच्या आत घरी पोचायला हवं! फादरना वाटायचं, काय भाविक कुटुंब आहे...

हिंदी सिरीयल आणि पपांचं हिंदी यथातथाच. अडलं की मिल्टनला विचारायचे, आणि मिल्टन मनाला येईल ते ठोकून द्यायचा. तरी नीलकेतू त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळायचा, असं मला आता वाटतं.

त्याच आठवड्यात आमचं बावखल बुजवलं होतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं... त्याच्यावरच आमची सगळी वाडी उभी होती. काकांना वाटणी हवी होती, बिल्डर दारात उभा होता, आणि पपा एकटे किती दिवस नाही म्हणणार? शेवटी केली सही.

मातीचे डंपर आले तेव्हा पपा काठावर उभे होते. ड्रायव्हरांना त्यांनी घरातून चहा नेऊन दिला. मला वाटलं, चला, बरं झालं, पपांनी फारसं मनाला लावून घेतलेलं दिसत नाही...

तर शेवटचा एपिसोड. नगर वाचवायला नीलकेतू आपली सगळी शक्ती देऊन टाकतो आणि एका क्षणात म्हातारा होतो. मग काठी टेकत वेशीबाहेर निघतो. ज्यांच्यासाठी इतकी वर्षं लढला, त्यांच्यातला एकही त्याला ओळखत नाही. वेशीवरचा पहारेकरी विचारतो, "कौन हो, बाबा?" तो नुसता हसतो आणि धुक्यात निघून जातो... संपलं.

मी वळून पाहिलं तर पपा रडत होते. डोळे पुसत वगैरे नाही. खांदे हलत होते, तोंडाला रुमाल लावला होता, तरी आवाज येत होता. मी आणि मिल्टन स्वयंपाकघरात पळालो आणि तिथे फुटलो हसायला. खरं तर लाज वाटली होती, घाबरलोही होतो, पण बाहेर आलं ते हसूच.

आई मटणाचं वाटण वाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "हसताय काय? बावखल बुजवलं तवा तुमच्या पपांच्या डोळ्यातून टिपूस नाय आला. आज येतंय तर येऊ द्या."

आमचं हसू तिथेच विरलं. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती आणि पपा अजून रडत होते.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, झाली. शेवटी घरातल्या गेलेल्यांची नावं घेऊन मारियामातेची प्रार्थना म्हणायची आमची पद्धत... आजोबांसाठी एक नमो मारिया, आजीसाठी एक, आत्यासाठी एक. सगळी झाली आणि पपा खाकरून म्हणाले, "आन एक नीलकेतूसाठी."

मिल्टनला राहवलं नाही. "पपा, तो मेला नाय. नुसता गेला."

"येनार हाय का परत?"

मिल्टनने नकारार्थी मान हलवली.

"मग बोल," पपा म्हणाले. आम्ही म्हटली, आईनेही म्हटली. पुढे पपा होते तोवर ते नाव कधी गळलं नाही.

आता पपाही नाहीत. बावखलाच्या जागेवर बिल्डिंग आहे आणि तिच्या गेटवर रोज पाण्याचा टँकर उभा असतो. मी गोखिवऱ्याला राहते, पण नोव्हेंबरमध्ये, मृतांच्या महिन्यात, पापडीला जातेच.

पपा गेल्यानंतरचा तो पहिला नोव्हेंबर. रोझरी आईने सांगितली. नावं घेता घेता शेवटी पपांचं नाव आलं. वाटलं, आता थांबेल. पण ती थांबली नाही, हळूच म्हणाली, "आन एक नीलकेतूसाठी..." या वेळी 'तो मेला नाय' असं कोणी म्हटलं नाही. मिल्टन तर मान वर करत नव्हता.

प्रार्थना संपल्यावर माझ्या लेकीने कानात विचारलं, "मम्मी, नीलकेतू कोण? आपल्या नात्यातले होते का?"

हो, म्हटलं... आजोबांकडचे.