सर्व्हरला दिलेला ताण

सौसरच्या नगरपालिकेत पाण्याचा पंप चालवणारे मोतीराम. त्यांची मुलगी रश्मी नागपूरला शिकून, तिथली नोकरी सोडून घरी आली, तेव्हा शेजारणी बरेच दिवस विचारत राहिल्या, "काहून आली वापस?" तिच्या संगणकाच्या कामाला ना दुकान होतं ना पाटी. समोरच्या खोलीत टेबल आणि लॅपटॉप. लागणारे सर्व्हर ती दूरच्या एका कंपनीकडून भाड्याने घ्यायची, तासाच्या दराने. अर्ज नाही, साहेबाची सही नाही. पडद्यावर बटण दाबलं की दोन मिनिटांत सर्व्हर उभा, दुसरं दाबलं की नाहीसा. या मोकळेपणाची तिला मनातून धास्ती वाटायची.

अशाच एका सर्व्हरवर तिने एकशे बारा संत्रा बागायतदारांची फवारणीची वही ठेवली होती. कोणत्या दिवशी कोणतं औषध मारलं, ते शेतकरी फोनवरून भरायचे. बाहेरगावचा व्यापारी फळात औषध उरलं नसेल ना, म्हणून शेवटच्या फवारणीची तारीख पाहिल्याशिवाय माल उचलत नसे.

आंबिया बहराच्या संत्र्यांची तोड जवळ आली, फवारण्या थांबल्या. तिचा भागीदार, रामाकोना गावचा कुलदीप, म्हणाला, "कोणी काही भरून नाही राहिलं, भाडं फुकट जाते. झाडाले पाणी तोडून ताण देतो तसा याले देऊ." रश्मीने हो म्हटलं आणि सर्व्हर थांबवला.

चार दिवसांनी, व्यापारी यायच्या आदल्या सकाळी, तिने तो चालू करायला घेतला. यादीत सर्व्हरच नव्हता.

तिने पान पुन्हा उघडलं. कुलदीपला फोन केला.

"थांबवूनही भाडं चढून राहिलं होतं," तो म्हणाला. "त्याच्यातली माहिती ठेवायच्या जागेचं. म्हणून मी खालचं बटण दाबलं. पुरा ताण."

"ते काढून टाकायचं बटण होय, कुलदीप."

"झाड पिवळं पडलं तरी पाणी देल्यावर फुटते ना."

"हे झाड नाही बाप्पा."

"मी येतो तिकडं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

कंपनीला फोन लावायची सोय नव्हती. त्यांच्या स्वस्त योजनेत तक्रार लिहून चोवीस तास वाट पाहायची. लगेच बोलणारा माणूस हवा तर त्याचं भाडं वेगळं. रश्मीने तक्रार लिहिली, मग वहीच्या जुन्या प्रती शोधल्या. एक सापडली, गोटमारीच्या जत्रेच्या आदल्या दिवशीची. त्यानंतरच्या तीन आठवड्यांचं काहीच नव्हतं, आणि अनेकांच्या शेवटच्या फवारण्या नेमक्या त्याच तीन आठवड्यांतल्या.

कुलदीप तासाभरात मोटरसायकलने आला. खुर्चीवर न बसता दारातच उभा राहिला.

"तारखा अंदाजानं भरून टाकू. व्यापाऱ्याले काय समजते?"

"त्याले नाही समजणार. पण खाणाऱ्याच्या पोटात औषध गेलं तर?"

"मग माल नाही उचलला तर लोक मले गावात राहू देतीन?"

"मले तरी राहू देतीन काय?" रश्मी म्हणाली. बाबा रोज त्याच लोकांच्या नळाला पाणी सोडत होते. उद्या त्यांना रस्त्यात कोण काय म्हणेल, हे तिला आत्ताच ऐकू येत होतं.

जुनी प्रत तिने नव्या सर्व्हरवर चढवली. मोजलं तर एक्केचाळीस जणांचे शेवटच्या फवारणीचे रकाने रिकामे होते. पहिलंच नाव रामाजींचं, कुलदीपच्या बापाचं. कुलदीपने मान वळवली. तिने फोन लावला.

"काका, रश्मी बोलून राहिली. तुमची शेवटची नोंद आमच्याकडून गेली. चूक आमची."

"तारीख सांगतो मी," रामाजी म्हणाले. "पण व्यापारी नुसत्या तोंडी बोलण्यावर इसवास ठेवन काय?"

"नाही माहीत, काका. औषधाच्या दुकानाचं बिल असन तर फोटो पाठवा. नसन तर मी वहीत खरं ते लिहिते."

"घरात पाहतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

रामाजींच्या रकान्यात तिने लिहिलं, 'मूळ नोंद आमच्या चुकीने नष्ट. बिलाची वाट पाहत आहे.' खाली स्वतःचं नाव घातलं. मग यादीतल्या दुसऱ्या शेतकऱ्याचा नंबर लावला. घंटी वाजत होती, पलीकडून कोणी उचलत नव्हतं.